दूतावासांच्या व्यापार विभागातली माणसे: बातम्या, आठवणी, चौकशा

वाणिज्य_सहायक

नमस्कार मंडळी.

वाईट बातमीने धागा काढतो आहे. मॉस्कोच्या आपल्या दूतावासात १९९१ च्या सुमारास माझ्याबरोबर व्यापार विभागात असलेले सहकारी गेल्या आठवड्यात डोंबिवलीत वारले. घरच्यांना नाव जाहीर करायचे नाही, म्हणून लिहीत नाही. ज्यांना ओळख पटली असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मुलाशी जोडून देतो.

राजदूत निवृत्त झाले की आठवणी लिहितात, आणि त्यांनी लिहायलाच हव्यात. पण दूतावासात व्यापार विभाग नावाची एक खोली असते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आपल्याकडच्या कारखानदाराला तिकडचा ग्राहक शोधून देणे, तिकडच्या व्यापाऱ्याने पैसे थकवले तर त्याच्या मागे लागणे, मालाबद्दल तक्रार आली तर खरेखोटे तपासणे, आयातीचा नियम बदलला की त्याच दिवशी दिल्लीला कळवणे, ही तिथली रोजची कामे. ती करणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. जे आहेत त्यांनी लिहून ठेवावे, एवढ्यासाठी हा धागा.

सुरुवात मी करतो. सोव्हिएत संघाशी आपला पहिला व्यापार करार डिसेंबर १९५३ चा. १९५८ च्या करारापासून सगळा हिशोब रुपयांत. डॉलरचा संबंधच नाही. त्यांच्याकडून यंत्रसामग्री, तेल, शस्त्रे घ्यायची आणि फेड चहा, कॉफी, तंबाखू, मिरी, लुधियानाचे लोकरी कपडे, औषधे, साबण, टूथपेस्ट यांनी करायची. दरवर्षी दोन्ही बाजू बसून कुठला माल किती रकमेचा याची यादी ठरवत. तिकडे खरेदीदार एकच, सरकारी खरेदी संस्था. त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या कितीतरी छोट्या कारखान्यांचा अख्खा माल एकाच ग्राहकाकडे जायचा.

१९९१ मध्ये तो ग्राहकच राहिला नाही. व्नेशएकोनॉमबँक या तिकडच्या सरकारी बँकेची पतपत्रे (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) घेऊन निर्यातदारांनी माल चढवलेला, आणि पैसे येईनात. ओबुखा रस्त्यावरच्या आमच्या कार्यालयात (आता त्या रस्त्याला वोरोंत्सोवो पोल्ये म्हणतात) माणसे सकाळपासून बसलेली असत. कुणी घर गहाण टाकलेले, कुणाच्या कामगारांचे पगार थकलेले. आमचे हे सहकारी प्रत्येकाला समोर बसवून पतपत्राचा क्रमांक, रक्कम, जहाजाचे नाव, बंदर, माल उतरल्याची तारीख असे रकाने भरून घेत. संध्याकाळी आम्ही दोघे ते टंकलिखित करत असू. एखाद्या निर्यातदाराचा कागद अपुरा असला तर ते त्याला परत पाठवत नसत, स्वतः बंदरावर फोन लावून तारीख मिळवत. पुढे जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा जुन्या सोव्हिएत कर्जाचा करार झाला. त्याचे श्रेय मोठ्यांना मिळाले. पण कुणाचे किती अडकले आहेत हे आधी कुणीतरी रकान्यांत भरावे लागते, ते काम या माणसाने केले होते.

---

गोदाकाठ

वाणिज्य_सहायक काका, तुमच्या सहकाऱ्यांना श्रद्धांजली.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. दूतावासात व्यापार विभाग असतो हे आम्हाला २००३ मध्ये कळले. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले आणि युरोपभर इशारा गेला. आमचा माल ज्या निर्यातदाराकडे होता त्याने ‘भाव पडला’ म्हणून हात वर केले. खरे काय झाले ते आम्हाला गावात कुणी सांगेना. त्या बाजूने तेव्हा काय चालले होते, कुणाला माहीत आहे का?

---

वाणिज्य_सहायक

गोदाकाठ, मी त्या वेळी हेगला, नेदरलँड्समधल्या आपल्या दूतावासात होतो.

युरोपात एका देशाला अन्नात धोका आढळला की बाकी सगळ्या देशांना ताबडतोब कळवायची व्यवस्था आहे. त्यामुळे रॉटरडॅमला एक कंटेनर अडकला की हॅम्बुर्गचा आणि लंडनचा खरेदीदारही हात आखडतो. आमच्याकडे सूचनेचा कागद यायचा, त्यावर मालाचे वर्णन आणि रसायनाचे नाव. बाग कुठली, फवारणी कधी झाली, काही नाही. डच अधिकारी विचारायचे, ‘हा घड कुठल्या शेतातला?’ आणि आम्हाला उत्तर देता येत नसे. तिथे बसून दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून आम्ही दिल्लीला पुन्हापुन्हा तेच लिहिले की पेटीपासून बागेपर्यंत माग लागला पाहिजे.

नंतर अपेडा (शेतमाल निर्यातीसाठीची सरकारी संस्था) आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने उर्वरित अंश तपासणीची पद्धत बसवली, आणि २००६ पासून ग्रेपनेट आले. बागेची नोंदणी, काढणीआधी प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरचा क्रमांक. आज रॉटरडॅमच्या गोदामात पेटी हातात घेतली तर ती निफाडच्या कुठल्या प्लॉटमधली हे कळते. आपल्या शेतमाल निर्यातीत इतके पक्के काम त्याआधी झाले नव्हते असे माझे मत आहे.

---

गोदाकाठ

हो काका, नोंदणीची आणि फवारणीची वही आमच्या घरात आता सातबाऱ्याच्या शेजारी असते.

पण २०१० चेही सांगा. तेव्हा सगळे नियम पाळले होते. अहवाल स्वच्छ होते. तरी माल अडकला, कारण सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक. एप्रिल छाटणीनंतर शेंडावाढ रोखायला आम्ही ते वर्षानुवर्षे वापरत होतो. ते कीटकनाशक नाही, म्हणून आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. तिकडे मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. यादीत नसलेले रसायन कुणी तपासले नाही, आणि माल तिकडे पोचल्यावर त्यांनी तपासले. बँकेचे कर्ज फेडायला कित्येकांनी जमीन विकली. या गावात त्या वर्षाबद्दल बोलताना अजून लोकांचा आवाज चढतो.

---

वाणिज्य_सहायक

तुमचा राग रास्त आहे. नियम कागदावर आधीच होता. तो इथल्या यादीत यायला हवा होता आणि आला नाही. परदेशातल्या व्यापार विभागाने कुठला नियम कधी कळवला, त्यावर इकडे काय झाले, हे कागद पंचवीस वर्षांनी अभिलेखागारात गेले तर जातील. तोवर ज्यांनी ते हाताळले त्यांनीच सांगायला हवे. म्हणून म्हणतो, लिहा.

---

मुठेकाठी

मी पुण्याची. व्यापार विभागाशी संबंध नाही, पण परदेशातल्या आपल्या कार्यालयांतल्या माणसांचा विषय निघाला म्हणून लिहिते.

पुण्यात म्हात्रे पूल आहे. एरंडवण्यातून नवी पेठेकडे जाताना मुठेवर लागतो. माझ्या कॉलेजातल्या मुलांना विचारले, म्हात्रे कोण? कुणी म्हणाले बिल्डर, कुणी म्हणाले नगरसेवक. ते रवींद्र म्हात्रे. बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयातले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला संध्याकाळी बसमधून उतरून घरी चालत जात होते, मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन. त्यांना पळवले गेले. दहा लाख पौंड आणि तिहारमधल्या मकबूल बट या काश्मिरी फुटीरतावाद्याची सुटका अशी मागणी होती. दोन दिवसांनी लेस्टरशायरमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला बटला फाशी झाली.

वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत या प्रकरणाबद्दल वाचताना बट, काश्मीर, लंडन-दिल्ली यांवर पाने भरलेली असतात आणि म्हात्र्यांच्या वाट्याला एक ओळ येते. पुलावर त्यांची ओळख सांगणारा ठळक फलक असावा असे मला मनापासून वाटते. महापालिकेला पत्र लिहायचे असेल तर मी मसुदा करते. कोण कोण सही करेल?

---

टेलेक्स

मुठेकाठी ताई, माझी सही धरा.

मी तेव्हा दुसऱ्या देशातल्या कार्यालयात सांकेतिक संदेशांच्या खोलीत होतो. ती बातमी आली त्या रात्री कुणी घरी गेले नाही. आमच्यासारख्यांना सुरक्षारक्षक वगैरे काही नसे. बसने ये-जा, बाजारहाट स्वतः. दुसऱ्या दिवशी बायकोने मला नेहमीच्या थांब्यावर उतरू दिले नाही, ती आधीच्या थांब्यावर येऊन उभी होती. त्यानंतर काही महिने आम्ही सगळे रोज वाट बदलून जात असू.

---

औंधचा_पुतण्या

व्यापार आणि मुत्सद्देगिरी वेगळी काढताच येत नाही याचे उदाहरण आमच्या औंधचे. आप्पासाहेब पंत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव, १९३९ च्या औंध प्रयोगात (संस्थानातल्या ग्रामस्वराज्याच्या) पुढे असलेले. १९४८ मध्ये ते पूर्व आफ्रिकेतले भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तिथली आपली वस्ती म्हणजे बहुतेक दुकानदार, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणारे. आप्पासाहेबांनी त्यांना सांगितले की या देशाच्या माणसांशी जोडून घ्या. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. ब्रिटिश वसाहत सरकारला त्यांचे आफ्रिकन नेत्यांशी संबंध खुपत होते. १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवले.

१९५५ ते १९६१ ते गंगटोकला राजकीय अधिकारी. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या आपल्या व्यापार एजन्स्या यांच्या कामाचा धागा त्या कार्यालयातून जायचा. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा थेट रस्ता नव्हता, नथू ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून पारोला जावे लागले. आप्पासाहेब बरोबर होते. वाटेत यातुंग लागते, तिथे आपली व्यापार एजन्सी होती.

---

यारकंदची_वाट

औंधचा_पुतण्या, छान विषय काढलात. या व्यापार एजन्स्यांबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर.

तिबेटमध्ये आपल्या तीन होत्या: यातुंग, ग्यांत्से आणि पश्चिमेला गारतोक. ब्रिटिशांच्या काळापासूनच्या. यातुंग आणि ग्यांत्सेला लष्करी तुकडी, वाटेवर विश्रामगृहे, टपाल-तार सगळे आपले. २९ एप्रिल १९५४ चा पेकिंगचा करार आपण पंचशीलसाठी लक्षात ठेवतो, पण त्याचे नाव आणि बहुतेक कलमे तिबेटशी व्यापार आणि ये-जा याबद्दलची आहेत. एजन्स्या राहिल्या, तुकड्या, विश्रामगृहे आणि टपाल-तार सोडून द्यावे लागले. त्याच वर्षी जुलैत ग्यांत्सेला महापूर आला आणि एजन्सीची वास्तू वाहून गेली. कराराची मुदत आठ वर्षांची. जून १९६२ मध्ये ती संपली आणि एजन्स्याही बंद झाल्या. खेचरांवरून लोकर कालिंपाँगला यायची, तो सगळा बाजार बसला. नथू ला व्यापारासाठी पुन्हा उघडली ती ६ जुलै २००६ ला.

गारतोकचा एजंट तर उन्हाळ्यापुरताच तिथे असायचा. मंडई भरणाऱ्या गावांतून तंबू घेऊन फिरायचा, आपल्या भोटिया व्यापाऱ्यांची भांडणे सोडवायचा, थकलेले पैसे मिळवून द्यायचा. वाणिज्य_सहायक यांनी मॉस्कोचे जे काम सांगितले, तेच काम, फक्त समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून उंचावर.

आणि काशगर. तिथल्या चिनी बागेत ब्रिटिश वकिलात होती, शेवटचे प्रमुख एरिक शिप्टन, तेच गिर्यारोहक. त्यांच्यानंतर १९४८ मध्ये भारताचे वाणिज्यदूत म्हणून गेले कॅप्टन राम साठे. लेहहून काराकोरम खिंडीतून यारकंदला जाणारी व्यापारी वाट तेव्हा शेवटचे श्वास घेत होती. होशियारपूर आणि शिकारपूरचे व्यापारी तिकडे अडकलेले, त्यांच्या मालमत्तेचे प्रश्न. सत्ताबदल झाल्यावर चीनने ती वकिलात चालू दिली नाही. हेच साठे पुढे १९७९ ते १९८२ परराष्ट्र सचिव झाले. त्यांच्या काशगरच्या दिवसांवर मराठीत एक नीट लेख व्हायला हवा. कुणाकडे त्यांची पत्रे वा छायाचित्रे असतील तर सांगा, मी बसून लिहायला तयार आहे.

---

सेवानिवृत्त_४११०३८

सगळे वाचतो आहे. लिहायची इच्छा आहे पण भीतीही वाटते. पेन्शनवर गदा येणार नाही ना? आमच्या गटात एकाने सांगितले की आता निवृत्तांना काहीही लिहायला परवानगी लागते.

---

नियमावली

काका, घाबरू नका. ३१ मे २०२१ ची पेन्शन नियमांतली दुरुस्ती गुप्तचर आणि सुरक्षेशी संबंधित संस्थांतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे, म्हणजे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या. महसूल गुप्तचर संचालनालय आणि सक्तवसुली संचालनालय त्यात आहेत, वाणिज्य मंत्रालय नाही, परराष्ट्र मंत्रालयही नाही. तुम्ही मधल्या काळात प्रतिनियुक्तीवर अशा संस्थेत असाल तर मात्र विचारून घ्या.

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सगळ्यांना लागू आहे आणि तो निवृत्तीने संपत नाही. सांकेतिक संदेश, गोपनीय टिपणे, दुसऱ्या देशाने विश्वासाने सांगितलेले, यांना हात लावू नका. टेलेक्स, हे तुमच्यासाठी विशेष. द्राक्षे, पतपत्रे, मेळावे, बाजारपेठेचे अहवाल यांवर लिहायला काहीच हरकत नाही.

---

टेलेक्स

समजले. त्या खोलीतले माझ्याबरोबरच राहील. बायकोचा थांबा मात्र लिहिला ते बरे केले.

---

हापूस_पेटी

मी ब्रसेल्सला होतो आणि त्याआधी काही काळ जपानला. आंब्याबद्दल लिहितो, कारण दरवर्षी एप्रिलमध्ये ‘आपला हापूस अमेरिकेत’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटते विमानात टाकला की पोचला.

जपानने फळमाशीमुळे १९८६ मध्ये आपला आंबा बंद केला. उघडायला २००६ उजाडले. वीस वर्षे. त्यांची अट उष्ण बाष्पाची: फळाच्या गराचे तापमान ४७.५ अंशांवर नेऊन वीस मिनिटे ठेवायचे. अमेरिकेने किरण प्रक्रिया मान्य केली, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). ती सुरुवातीला लासलगावच्या कृषक केंद्रात झाली, जे भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारले होते. एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. तिथे तेव्हा नियम असा होता की अमेरिकेचा निरीक्षक हंगामभर इथे येऊन बसे आणि त्याचा खर्च आपल्याकडून जाई. २०२० मध्ये महामारीत निरीक्षक येऊ शकला नाही, तर निर्यातच बंद पडली, ती २०२२ ला सुरू झाली. युरोपला गरम पाणी चालते, ४८ अंश, साठ मिनिटे. म्हणजे देवगडच्या एकाच बागेतले तीन आंबे तीन देशांना तीन वेगळ्या संस्कारांनंतर जातात.

२०१४ चे युरोपचे प्रकरण मी जवळून पाहिले. आधीच्या वर्षी आपल्या २०७ खेपांत कीड सापडली होती. १ मेपासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद. ऐन हंगामात. लंडन-लेस्टरच्या दुकानदारांचे फोन, इकडून बागायतदारांचे फोन. सगळ्यांना वाटत होते की राजदूताने मंत्र्याला भेटून विषय मिटवावा. तो भेटीने मिटणारा नव्हता. पॅकहाउसमध्ये तपासणी नीट होते हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवे होते. त्यांचे पथक सप्टेंबरमध्ये येऊन पाहून गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये आंबा सुटला. त्या मधल्या महिन्यांत माझे सगळे काम म्हणजे त्यांचा प्रश्न दिल्लीला आणि दिल्लीचे उत्तर त्यांना, तारीखवार. मला त्या कामाचा अभिमान आहे.

---

वाणिज्य_सहायक

हापूस_पेटी साहेब, फार मोलाचे लिहिलेत.

सध्याच्या दोन बातम्या नोंदवतो. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन झाला. आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन या चार देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. शुल्क कमी होते ती बातमी. पण आंब्याच्या प्रतिसादावरून लक्षात येईल की शुल्क शून्य झाले तरी कीड आणि औषधांचे अंश यांचे नियम तिथेच असतात. नव्या मुलांना व्यापार विभागात पाठवताना हे शिकवून पाठवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आखातातले कुणी आहे का इथे? १९९० च्या कुवेतबद्दल लिहायला हवे.

---

रत्नांग्रीची_लेक

मी आखातातली. माझे वडील दाभोळकडचे, बहारीनला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते, आणि दूतावासांच्या व्यापाराच्या चौकशांची उत्तरे लिहिणे हे त्यांचे काम. म्हणजे तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे.

ते सांगत की सुरुवातीला त्यांचा पगार रुपयांत होता. तिकडे आपलाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी झेड अक्षर. त्या नोटा भारतात चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे चलन काढले, बहारीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि उरलेल्यांनीही रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत राहिला. वडील म्हणत, दिनारात पगार सुरू झाला तेव्हा गावातल्या मनीऑर्डरी फुगल्या, पण बाजारात आपला शब्द चालायचा तो तेवढा चालेनासा झाला.

१९९० ला माझे यजमान कुवेतला होते. २ ऑगस्टला इराकी फौजा आल्या. आपला कुवेतचा दूतावास इराकमधल्या बसऱ्याला हलवावा लागला. लोक बसने बगदाद, तिथून जॉर्डनच्या सीमेवर, मग अम्मान. एअर इंडियाची ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाखाहून जास्त माणसे घरी आली. विमानांचे सगळ्यांना माहीत आहे. यजमानांच्या तोंडी नाव असे ते अम्मानच्या एका कारकुनाचे. पासपोर्ट मालकाकडे अडकलेल्यांना तात्पुरती प्रवासपत्रे लागत. हा मुलगा तंबूत खोक्यावर कागद ठेवून लिहायचा, फोटो नसेल तर अंगठा घ्यायचा, आणि रांग संपल्याशिवाय उठायचा नाही. ते प्रवासपत्र घरी आहे. त्यावर यजमानांच्या गावाचे नाव चुकीचे पडले होते, ते त्याने खोडून नीट लिहून पुन्हा शिक्का मारला आहे.

---

वाणिज्य_सहायक

ताई, त्या प्रवासपत्राची दोन्ही बाजूंची चांगली प्रत काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकच्या उष्णतेने जुनी शाई उडते. माजी राजदूतांच्या संघटनेच्या त्रैमासिकात मौखिक इतिहासाचे सदर असते, त्यात कुवेतच्या सुटकेवर वरिष्ठांच्या बाजूने येऊन गेले आहे. तंबूतल्या कारकुनाच्या बाजूने आले तर हवेच आहे. तो जॉर्डनच्या दूतावासाचा होता की दुसरीकडून तात्पुरता आणलेला, यजमानांना आठवते का? तेव्हा आसपासच्या कार्यालयांतून माणसे पाठवली होती. माझ्या तुकडीतल्या तिघांना विचारून उद्या इथेच लिहितो.